सहा वर्षांची दाढ: काढायची, ठेवायची आणि केव्हा?

आज राजे नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. आजची गोष्ट तुमच्या तोंडातली आहे, अगदी शब्दशः.

एक काम करा. जीभ वरच्या दोन मोठ्या दातांच्या मधोमध टेकवा आणि एका बाजूने मागे मोजत चला. एक, दोन, तीन हा सुळा. चार, पाच या दोन छोट्या उपदाढा. आणि सहा. थांबा! ही सहावी, रुंद आणि दणकट, ती आपल्या आजच्या गोष्टीची नायिका. काहींच्या जिभेला तिथे कॅप लागेल, काहींना चांदी किंवा सिमेंट भरलेला खड्डा लागेल. काहींच्या तोंडात ती नसेलच. तिथे मागची दाढ पुढे सरकून बसली असेल, किंवा नुसती फट असेल.

ती फट असेल की नाही, हे बहुतेक वेळा एका निर्णयावर ठरतं. मूल आठ-नऊ वर्षांचं असतं, ही दाढ खोलवर किडलेली असते आणि डॉक्टरांना ठरवायचं असतं, वाचवायची की काढायची. आपली साधी समजूत अशी, की कायमचा दात आहे, परत येणार नाही, तेव्हा जमेल तितकी वर्षं ओढायचा. पण काही मुलांच्या बाबतीत डॉक्टर भलतंच सांगतात. दाढ काढा म्हणतात, आणि तीही याच वर्षी काढा म्हणतात. चौदाव्या वर्षी काढण्यापेक्षा नवव्या वर्षी काढलेली बरी.

ऐकायला उलटं वाटतं ना? ही गोष्ट कळायला माणसाला जवळपास दोनशे वर्षं लागली. तीच आज सांगतो.

गुपचूप येणारी दाढ

आधी या दाढेची ओळख करून घेऊ. साधारण सहाव्या वर्षी ती येते. म्हणून इंग्रजीतही तिला सहा वर्षांची दाढ म्हणतात. गंमत अशी, की ती येताना एकही दुधाचा दात पडत नाही. पुढचे दात पडले की घरात चर्चा होते, बोळकं तोंड दिसतं, फोटो निघतात. ही मात्र दुधाच्या दाढांच्या मागे, रिकाम्या जागेत, गुपचूप उगवते. त्यामुळे कित्येक घरांत तिला दुधाचीच दाढ समजतात. 'किडली तर किडू दे, पडणारच आहे,' असं म्हणून सोडून देतात. ती पडणारी नसते. साठ-सत्तर वर्षं वापरायची असते.

तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि त्यात अन्न अडकतं. त्या वयात मुलाचा ब्रश तिथपर्यंत नीट पोचत नाही. शिवाय कायमच्या दातांमध्ये ती सगळ्यात आधी येणाऱ्यांपैकी, म्हणजे गोड खाण्याशी तिचा सामना सगळ्यात लवकर सुरू होतो. म्हणूनच मुलांच्या कायमच्या दातांत सर्वाधिक किडणारी दाढ हीच.

गिरणीच्या दारातलं घड्याळ

आता चला १८३३ सालच्या इंग्लंडमध्ये. कापडगिरण्यांत लहान मुलं राबत होती. त्या वर्षी संसदेने कारखाना कायदा केला. नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरणीत कामाला घ्यायचं नाही, रेशीम गिरण्यांना तेवढी सूट. नऊ ते तेरा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. कायदा झाला, पण मुलाचं वय ठरवायचं कसं? इंग्लंडमध्ये जन्मनोंदणीची सरकारी पद्धत सुरू झाली तीच मुळी १८३७ मध्ये. म्हणजे दारात उभ्या असलेल्या पोरापाशी दाखला नाही. आईबाप म्हणतात नऊ पूर्ण आहेत, कारण घरात पगार हवा. मालकही हो म्हणतो, कारण स्वस्तात हात हवेत. डॉक्टर उंची आणि चेहरा बघून अंदाज करायचे. पण उपाशी पोराची उंची काय सांगणार?

इथे एडविन सॉन्डर्स नावाचा विशीतला दंतवैद्य पुढे आला. त्याने मोठ्या संख्येने मुलांची तोंडं तपासली आणि १८३७ मध्ये संसदेसाठी एक पुस्तिका काढली. त्याचं म्हणणं असं, की वय ओळखायला उंचीपेक्षा दात जास्त भरवशाचे. नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडात पुढचे कायमचे दात आणि सहा वर्षांची दाढ दिसायला हवी. तेराव्या वर्षापर्यंत सुळे, उपदाढा आणि मागची दुसरी दाढ यायला हवी. दात आपलं वेळापत्रक बऱ्यापैकी पाळतात. हा सॉन्डर्स पुढे राणी व्हिक्टोरियाचा दंतवैद्य झाला आणि १८८३ मध्ये त्याला 'सर' ही पदवीही मिळाली.

त्याच्या एक वर्ष आधी लंडनमध्ये अँथनी टॉड थॉमसन यांनी न्यायवैद्यकावर व्याख्यानं देताना आपल्याच दाढेचा आधार घेतला होता. इंग्लिश कायद्यात सात वर्षांखालचं मूल गुन्हेगार ठरू शकत नसे. थॉमसन यांचं म्हणणं, ही दाढ आलेली नसेल तर आरोपी सातच्या आतला समजा. म्हणजे एखाद्या पोराला शिक्षा होणार की नाही, हे या दाढेवर ठरू शकत होतं! तीच सात वर्षांची मर्यादा पुढे १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८२ म्हणून आली. आपल्या नव्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे.

सॉन्डर्सची ही कल्पना लक्षात ठेवा, दात म्हणजे घड्याळ. दाढ केव्हा काढायची याचं उत्तर शेवटी इथूनच मिळणार आहे. पण त्याला अजून शंभरावर वर्षं अवकाश होता.

साखर स्वस्त, दात महाग

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. पहिली, साखर. ब्रिटनने १८७४ मध्ये साखरेवरचा कर पूर्णपणे काढून टाकला. जी चीज आधी श्रीमंतांच्या टेबलावर असायची, ती मजुराच्या चहात आणि पोरांच्या जॅममध्ये गेली. पोट स्वस्तात भरायला लागलं, दात मात्र किडायला लागले.

दुसरी गोष्ट, बधिरता. आधी दाढ काढायची म्हणजे दोघांनी धरायचं आणि तिसऱ्याने ओढायचं. १८४४ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, दात काढताना वापरून पाहिला. १८४६ मध्ये बोस्टनला विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरचा प्रयोग जाहीरपणे करून दाखवला. शस्त्रक्रियेचं जग बदलून टाकणारे हे दोघेही दात काढणारेच होते, बरं का.

वेदना गेल्यावर दात काढणं सोपं झालं. आणि सोपं झालं म्हणून जास्त व्हायला लागलं. मूल एकदा गुंगीत गेलंच आहे तर दुखणारी काढा आणि पुढेमागे दुखेल अशीही काढा, हा विचार गरिबांच्या दवाखान्यात अगदी व्यवहारी होता. दाढ नीट भरायला वेळ लागतो, पैसा लागतो आणि मूल पुन्हा पुन्हा आणावं लागतं. काढायला काही मिनिटं पुरतात.

मुलांचे दात ही समाजाची जबाबदारी आहे, हा विचार रुजायलाही वेळ लागला. जर्मन अमलाखालच्या स्ट्रासबुर्गमध्ये १९०२ साली शाळकरी मुलांचा दंतदवाखाना निघाला. त्यापासून प्रेरणा घेऊन इंग्लंडमध्ये केंब्रिजला १९०७ मध्ये तसाच दवाखाना सुरू झाला. न्यूझीलंडने १९२१ मध्ये खास दंतपरिचारिका शिकवून शाळांत पाठवायला सुरुवात केली. तिथल्या मुलांनी त्या दवाखान्याला नाव काय दिलं माहितेय? खुनाचं घर! पोरांचं प्रेम असं.

पहिला पक्ष: हात लावू नका

याच काळात अमेरिकेत वेडेवाकडे दात सरळ करण्याचं वेगळं शास्त्र उभं राहत होतं. आज आपण ज्यासाठी ब्रेसेस लावतो ते. त्याचा सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे एडवर्ड अँगल. १८९९ मध्ये त्याने दातांच्या ठेवणीचं वर्गीकरण मांडलं. आजही दंतवैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी ते पाठ करतो. क्लास वन, क्लास टू, क्लास थ्री. आणि हे वर्गीकरण उभं कशावर आहे? सहा वर्षांच्या दाढेवर. वरची ही दाढ आणि खालची ही दाढ एकमेकींवर कशा बसतात, यावरून सगळ्या तोंडाचा हिशोब. अँगलच्या मते ही दाढ म्हणजे दातांच्या जुळणीची किल्ली.

आता किल्लीच फेकून दिली तर कुलूप कसं उघडणार? अँगलच्या पक्षाचं म्हणणं ठाम होतं. माणसाच्या तोंडात बत्तीस दात आहेत तर बत्तीसच्या बत्तीस ठेवूनच ते जुळवायचे. दात काढणं म्हणजे वैद्याने हार मानणं. त्यांच्याही आधी, १८८७ मध्ये, आयझॅक डेव्हनपोर्ट यांनी दात काढल्यामुळे नैसर्गिक जुळणी कशी बिघडते, यावर मोठा लेख लिहिला होता.

या मताला विरोधही झाला. शिकागोचे कॅल्व्हिन केस म्हणाले, काही तोंडांत सगळे दात मावतच नाहीत, तिथे काढावेच लागतात. १९११ मध्ये केस आणि अँगलचा शिष्य मार्टिन ड्यूई यांच्यात जाहीर वाद झाला. तो दंतवैद्यकाच्या इतिहासात फार गाजला. हा वाद मुख्यतः गर्दी झालेल्या दातांचा होता, किडलेल्या दाढेचा नव्हता. पण त्याची सावली किडलेल्या दाढेवरही पडली. 'किल्ली' काढायची म्हटल्यावर दंतवैद्याचा हात अडखळू लागला.

आणि त्यांच्या भीतीत तथ्य होतं. १९३८ मध्ये न्यूयॉर्कचे साल्झमन यांनी ही दाढ गमावलेल्या ५०० किशोरवयीन मुलांच्या तोंडात काय बदल झाले, त्याचा अभ्यास छापला. चुकीच्या वेळी ही दाढ गेली की काय होतं, ते आजही दवाखान्यात दिसतं. मागची दाढ रिकाम्या जागेत झुकते, वाकड्या खांबासारखी. पुढची उपदाढ मागे सरकते. समोरच्या जबड्यातली दाढ आधार नसल्यामुळे लांब होऊन खाली येते. फटीत अन्न अडकतं आणि शेजारचे दात किडतात.

दुसरा पक्ष: चारही काढा

आता बाजू पलटते. साल १९४०. ब्रिटन युद्धात, साखरेवर रेशन, दंतवैद्य सैन्यात. अशा काळात विल्किन्सन नावाच्या दंतवैद्याने ब्रिटिश नियतकालिकात सहा वर्षांच्या दाढेचा प्रश्न पुन्हा उकरून काढला. १९४४ च्या लेखात तर त्याने थेट सांगितलं, की बाकीचं सगळं दातांचं कुटुंब वाचवायचं असेल, तर ही दाढ लवकर काढणं हाच उत्तम मार्ग.

त्याचा हिशोब असा. ही दाढ बहुतेक मुलांची किडतेच. आज भरली तर पाच वर्षांनी पुन्हा भरावी लागते, मग पंचविशीत काढावी लागते आणि तोवर शेजारच्या दातांचंही नुकसान झालेलं असतं. त्यापेक्षा साडेआठ ते साडेनऊ वर्षांच्या दरम्यान चारही काढून टाका. मागची दुसरी दाढ अजून हाडात आहे, ती वर येता येता पुढे सरकेल आणि त्याच जागी बसेल. तिच्या मागून अक्कलदाढेलाही जागा मिळेल. दातांची दाटी कमी होईल. फट राहणार नाही आणि कुणाला कळणारही नाही की इथे एक दाढ होती.

या उपायाला पुढे पाठ्यपुस्तकांत विल्किन्सन यांचंच नाव चिकटलं. १९४८ च्या ५ जुलैला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा दंतवैद्यांच्या दारात एवढी गर्दी लोटली, की सरकारने १९५१ मध्ये कवळ्यांवर शुल्क लावलं. अशा देशात 'एकदाच काढा आणि मोकळे व्हा' या सल्ल्याचं आकर्षण समजण्यासारखं आहे.

पण जरा विचार करा. ज्या मुलाची एकच दाढ किडली आहे, त्याच्या तीन चांगल्या दाढा का काढायच्या? ज्याला अक्कलदाढ येणारच नाही, त्याच्या तोंडात पुढे उरेल काय? आणि सगळीच मुलं साडेआठ वर्षांना सारखी वाढलेली असतात का? 'सगळ्यांच्या ठेवा' हा नियम जसा आंधळा, तसाच 'सगळ्यांच्या काढा' हाही.

तरीही विल्किन्सनच्या म्हणण्यात एक मोलाची गोष्ट होती. त्याने लक्ष किडलेल्या दाढेवरून उचललं आणि तिच्या मागे हाडात झोपलेल्या, अजून न आलेल्या दाढेवर नेलं.

हाडात बघणारा डोळा

न आलेली दाढ दिसणार कशी? १८९५ च्या शेवटी रोंटजेन यांनी क्ष-किरण शोधले आणि पुढच्या काही आठवड्यांतच जर्मनीत ऑटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्यासाठी तब्बल २५ मिनिटं किरणांखाली बसले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स या तंत्रात आघाडीवर होते. वर्षानुवर्षं उघड्या हातांनी फिल्म धरल्यामुळे त्यांना कर्करोग झाला, एकामागून एक बोटं आणि मग हात कापावा लागला. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आज आपण दोन सेकंदांत एक्स-रे काढून निघतो तेव्हा या माणसाची आठवण ठेवायला हरकत नाही.

पुढचं मोठं पाऊल फिनलंडमध्ये पडलं. युर्यो पातेरो यांनी सगळा जबडा एकाच लांब चित्रात दाखवणारं यंत्र विकसित केलं. डोक्याभोवती फिरणारं ते यंत्र. तुमच्यापैकी अनेकांनी अक्कलदाढेसाठी किंवा ब्रेसेससाठी ओपीजी काढला असेल, तो हाच.

आता दंतवैद्याला नऊ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातली दुसरी दाढ दिसायला लागली. तिचा माथा पूर्ण झाला का, मुळं फुटायला लागली का, ती कुठे कलली आहे, हे सगळं. १९७३ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या आर्टो डेमिर्जियन यांनी, वाढीचे तज्ज्ञ जेम्स टॅनर यांच्यासारखे सहकारी घेऊन, फ्रेंच वंशाच्या जवळपास तीन हजार मुलामुलींच्या एक्स-रेंवरून दात तयार होण्याच्या आठ पायऱ्या ठरवल्या. उद्देश होता दातांवरून वय ओळखण्याचा. म्हणजे सॉन्डर्सचंच काम, फक्त आता हाडाच्या आत डोकावून.

यातली पाचवी पायरी आपल्या कामाची. दाढेची मुळं जिथे दुभागतात तो भाग कठीण व्हायला लागतो तेव्हा एक्स-रेत तिथे छोटासा ठिपका किंवा चंद्रकोर दिसते. खालच्या दुसऱ्या दाढेत ही चंद्रकोर दिसली की पुष्कळ दंतवैद्य म्हणू लागले, काढायची असेल तर वेळ झाली. मुलाचं वय तेव्हा साधारण आठ ते दहाच्या दरम्यान असतं. पण जन्मतारखेपेक्षा ती चंद्रकोर महत्त्वाची.

लवकर आणि उशिरा

हे नेमकं कसं चालतं, ते समजून घेऊ. दुसरी दाढ साधारण बाराव्या वर्षी हिरडीबाहेर येते. त्याआधी ती हाडातून वर सरकत असते. पुढची जागा रिकामी मिळाली तर ती सरळ वर येण्याऐवजी वर आणि पुढे अशी येते आणि रिकामी जागा भरून काढते. लोकलमध्ये पुढची सीट मोकळी झाली की मागचा माणूस बसायच्या आतच तिथे सरकतो, तसं. तो एकदा बसला, बॅग ठेवली, की मग हलत नाही. दाढेचंही तेच. ती एकदा बाहेर आली, की मग बहुतेक वेळा नुसती झुकते, उभी सरकत नाही.

म्हणजे उशीर झाला तर फट राहते. आणि फार लवकर, सहा-सात वर्षांतच काढली तर? मग खालच्या जबड्यात न आलेली उपदाढच मागच्या रिकाम्या जागेकडे भरकटू शकते. दोन्हीकडे नुकसान. मधली वर्षं थोडीच, ती चुकवून चालत नाही.

इथे आणखी एक भानगड आहे. वरचा जबडा माफ करतो, खालचा करत नाही. वरच्या दुसऱ्या दाढेची नैसर्गिक चालच पुढे येण्याची असते, त्यामुळे ती बहुतेक वेळा जागा नीट भरते. खालची तशी नाही. लंडनमधल्या एका गटाने २०१३ मध्ये जे निष्कर्ष छापले त्यात 'आदर्श' समजल्या जाणाऱ्या चंद्रकोरीच्या वेळी काढूनही खालच्या जबड्यात साधारण दोनतृतीयांश ठिकाणीच जागा पूर्ण भरली होती. वरच्या जबड्यात ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे वेळ साधली तरी हमी नाही. मग संशोधक आणखी खुणा शोधायला लागले. दुसरी दाढ पुढे कललेली आहे का? मागे अक्कलदाढेचा अंकुर दिसतोय का? या दोन्ही गोष्टी असतील तर शक्यता वाढते.

जुना प्रश्न, नवा आजार

एकविसाव्या शतकात हा प्रश्न संपायला हवा होता, खरं तर. १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवलं, की दातावर सौम्यसा आम्लाचा हात फिरवला तर प्लॅस्टिकसारखा पदार्थ त्यावर घट्ट चिकटतो. त्यातूनच दाढेच्या खाचा बुजवणारे सीलंट आले. फ्लोराइडची टूथपेस्ट घरोघर पोचली. श्रीमंत देशांत मुलांचे दात किडण्याचं प्रमाण घटलं.

आणि मग एक वेगळीच दाढ समोर यायला लागली. १९८७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी लिहिलं, की काही मुलांच्या सहा वर्षांच्या दाढा उगवतात त्याच पिवळट, तपकिरी आणि ठिसूळ. इनॅमल खडूसारखं, थंड पाण्याने कळ, चावलं की तुकडा पडतो. ब्रश करणाऱ्या, गोड न खाणाऱ्या मुलांतही. २००१ मध्ये या दोषाला एमआयएच हे नाव मिळालं. या दाढेचं इनॅमल जन्माच्या सुमारास तयार व्हायला लागतं आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत पूर्ण होतं. त्या काळात काहीतरी बिघडतं. नेमकं कारण अजून पूर्ण उलगडलेलं नाही. जगभरच्या अभ्यासांची सरासरी काढली तर साधारण सात-आठ मुलांमागे एकाला हा दोष आढळतो. अशा दाढेत बधिरतेचं इंजेक्शन नीट लागत नाही आणि भरलेलं टिकत नाही. म्हणजे विल्किन्सनच्या काळातला प्रश्न नव्या रूपात परत आला.

आज या निर्णयासाठी इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची मार्गदर्शिका जगभर वाचली जाते. २०१४ मध्ये ती सुधारली, २०२३ मध्ये पुन्हा. पूर्वी एक दाढ काढली की तिच्या समोरची आणि दुसऱ्या बाजूचीही काढायची पद्धत होती, म्हणजे तोल राहील म्हणून. आता सरसकट तसं करत नाहीत. चांगली दाढ काढायला चांगलं कारण लागतं. जबड्याची ठेवण, दातांची गर्दी, पुढे ब्रेसेस लागणार का, मूल उपचार कितपत सहन करेल, पुन्हा पुन्हा गुंगी द्यावी लागेल का, हे सगळं बघून ठरवतात. काही मुलांत मुद्दाम थांबतातही, कारण पुढचे दात मागे घ्यायला ती जागा उपयोगी पडणार असते. अँगल आणि विल्किन्सन, दोघांचंही म्हणणं त्यात थोडं थोडं आहे. फक्त आता ते मुलागणिक तपासलं जातं.

आपल्या घरात

ऐकणारे तुम्ही बहुतेक वीस-पंचवीस वर्षांचे. तुमची दाढ गेली असेल तर गेली, राहिली असेल तर जपा. पण घरात एखादा सहा-सात वर्षांचा भाचा, पुतणी, धाकटं भावंडं असेल, तर मोबाइलचा टॉर्च लावून एकदा बघा. दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ आली असेल, तर घरच्यांना सांगा, ही दुधाची नाही. आत्ताच सीलंटबद्दल विचारता येतं. आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाची ही दाढ खोल किडली असेल, तर डॉक्टरांना विचारण्यासारखे तीन प्रश्न आहेत. ही दाढ पुढची वीस वर्षं टिकेल का? मागच्या दाढेची मुळं एक्स-रेत कुठवर आली आहेत? आणि आत्ता काढली नाही तर हीच संधी दोन वर्षांनी राहील का?

कारण सगळ्यात जास्त नुकसान बहुधा माया करणाऱ्यांच्या हातूनच होतं. 'लहान आहे, आत्ता नको, परीक्षा होऊ दे, सुट्टीत बघू' म्हणता म्हणता मूल तेरा वर्षांचं होतं. दाढ तेव्हाही काढावी लागतेच. पण मागची दाढ तोवर आपल्या जागी घट्ट बसलेली असते.

१८३७ मध्ये सॉन्डर्स गिरणीतल्या पोरांच्या तोंडात घड्याळ शोधत होता, त्यांच्याकडून किती तास काम करून घ्यायचं ते ठरवायला. आज तेच घड्याळ आपण पोरांचे दात वाचवायला वापरतो. एवढी प्रगती झाली म्हणायची.

आजच्या भागात इतकंच. तुमच्या सहाव्या दाढेची काय हालत आहे, ते जरूर कळवा, आणि घरात छोटी मंडळी असतील त्यांच्या आईबाबांपर्यंत हा भाग पोचवा. भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार, आणि हो, रात्री ब्रश करून झोपा!